शत्रूला दिलेला शब्द : मनोयुद्धाची ओळख

१९१८ सालच्या उन्हाळ्यात पश्चिम आघाडीवरच्या जर्मन खंदकांवर आकाशातून कागद पडत होते. ब्रिटिशांनी हे काम विमानांकडून काढून घेतले होते, कारण पत्रके टाकणारे वैमानिक हाती लागले की जर्मन त्यांच्यावर खटले चालवत. त्याऐवजी कागदी फुग्यांना पत्रकांचे गठ्ठे बांधून ते वाऱ्यावर सोडले जात. अमेरिकन सैन्याने काढलेले एक पत्रक तर अगदीच साधे होते. कैसरची निंदा नाही, लोकशाहीची थोरवी नाही. अमेरिकन शिपायाला रोज काय शिधा मिळतो त्याची यादी होती आणि शरण येणाऱ्याला तोच शिधा मिळेल असे खाली लिहिले होते.

हे पत्रक वाचणारा शिपाई ब्रिटिश नौदलाच्या नाकेबंदीने उपाशी ठेवलेल्या देशातून आला होता. १९१६-१७ चा हिवाळा त्याच्या घरच्यांनी सलगमच्या कंदांवर काढला होता. त्या यादीतल्या मांस, पाव आणि कॉफीने त्याला जे सांगितले, ते शंभर भाषणांनी सांगता आले नसते. सप्टेंबर १९१८ मध्ये फील्ड मार्शल हिंडेनबुर्ग यांनी सैन्याला जाहीर इशारा दिला, की शत्रू आपल्या मनोधैर्यावर चाल करून येतो आहे, त्याच्या पत्रकांपासून सावध राहा. तोफांच्या माऱ्यात चार वर्षे उभ्या राहिलेल्या सैन्याच्या सेनापतीला कागदाची भीती वाटू लागली होती.

ही प्रस्तावना त्या भीतीमागचे कारण शोधण्यासाठी लिहिली आहे. मनोयुद्धाबद्दल आपल्याकडे दोन टोकांचे समज आहेत. कुणाला ते गारुड वाटते : चार चलाख माणसे बंद खोलीत बसतात आणि लाखोंची मने फिरवतात. कुणाला ती निव्वळ थापेबाजी वाटते, खऱ्या लढाईच्या कडेने चाललेला तमाशा. इतिहास चाळताना मला दोन्ही समज टिकताना दिसले नाहीत. ज्या मोहिमा खरोखर यशस्वी झाल्या, त्यांच्या मुळाशी फार साधी गोष्ट सापडते. शत्रूला काहीतरी सांगितले गेले, त्याला ते खरे वाटले, आणि त्याच्यासमोर जगण्याची एक वाट मोकळी ठेवली गेली.

आधी शब्दाची हद्द आखून घेऊ. समोरच्या सैन्याचा, त्याच्यामागे उभ्या असलेल्या जनतेचा किंवा त्याच्या ताब्यातल्या मुलखातल्या लोकांचा निर्णय बदलावा म्हणून योजून केलेले बोलणे आणि योजून केलेली कृती, एवढ्याला मी मनोयुद्ध म्हणतो. हुलकावणी ही त्याची सख्खी बहीण असली तरी वेगळी आहे. १९४४ मध्ये अमेरिकेच्या एका खास तुकडीने फ्रान्समध्ये रबरी रणगाडे फुगवून आणि ध्वनिक्षेपकांवर रणगाड्यांचा घरघराट वाजवून जर्मनांना चकवले. तिथे लक्ष्य होते शत्रूच्या सेनापतीचा हिशेब. मनोयुद्धाचे लक्ष्य हिशेबाच्याही खाली असते, जिथे माणूस स्वतःला विचारतो की मी आता कशासाठी लढतो आहे.

आपल्या परंपरेत या विद्येला कधी कमी लेखले नाही. साम, दाम, दंड, भेद या चार उपायांतला भेद म्हणजे मुख्यतः हीच विद्या. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या तेराव्या अधिकरणात शत्रूचा किल्ला घेण्याचे उपाय सांगितले आणि त्यांत पहिले स्थान उपजापाला, म्हणजे कानात विष ओतण्याला दिले. आपला राजा सर्वज्ञ आहे आणि देव त्याच्याशी बोलतात, असा समज पसरवावा. आपल्यांना त्याने उत्साह येईल, शत्रूला धडकी भरेल. त्यासाठीच्या युक्त्याही तो देतो. हेरांकडून गुपिते काढून ती राजाने आपणहून जाणल्यासारखी उघड करावीत, भुयारातून येऊन देवाच्या मूर्तीआडून माणसाने बोलावे. हे वाचताना अंगावर काटा येतो, कारण यातली एकही युक्ती जुनी झालेली नाही. फक्त मूर्तीची जागा पडद्याने घेतली आहे.

परंतु या विद्येचे मर्म मला अर्थशास्त्रापेक्षा महाभारतात अधिक नेमके दिसते. अश्वत्थामा मेला अशी आरोळी रणांगणावर भीमाने ठोकली, तेव्हा द्रोणांनी शस्त्र खाली ठेवले नाही. त्यांनी युधिष्ठिराला विचारले. ज्याच्या तोंडून कधी असत्य निघाले नाही, तोच हे सांगतो म्हटल्यावर मात्र ते खचले. आपण ‘नरो वा कुंजरो वा’ ही म्हण संदिग्ध बोलण्यासाठी वापरतो आणि त्या प्रसंगातला खरा व्यवहार विसरतो. तिथे खर्ची पडली ती युधिष्ठिराने आयुष्यभर जपलेली पत. ती पत एकदाच वापरता येणार होती, आणि कथा सांगते की त्यानंतर जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ भुईला टेकला. मनोयुद्ध चालवणाऱ्या प्रत्येक सत्तेने हा जमाखर्च मांडून पाहावा इतका तो चोख आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासातला याचा सर्वांत झगझगीत दाखला म्हणजे ५ एप्रिल १६६३ ची रात्र. पुण्यात लाल महालात उतरलेल्या शाहिस्तेखानाभोवती प्रचंड फौज होती. शिवाजी महाराज मोजक्या माणसांनिशी आत शिरले, खानाची बोटे तुटली, आणि महाराज निसटले. लष्करी दृष्टीने पाहिले तर मोगलांची फौज जवळजवळ होती तशीच राहिली. तिचा विश्वास मात्र गेला. खुद्द औरंगजेबाचा मामा आपल्या शयनगृहात सुरक्षित नसेल तर कोण सुरक्षित आहे? खानाची रवानगी बंगालच्या सुभ्यावर झाली. पुढच्याच जानेवारीत महाराज सुरतेवर गेले, तेव्हा तिथल्या इंग्रज वखारीतला पाद्री एस्कॅलियट याने पत्रात लिहून ठेवले, की लोकांनी या माणसाला वाऱ्याचे शरीर आणि पंख बहाल केले आहेत, नाहीतर तो एकाच वेळी इतक्या ठिकाणी दिसतो कसा! त्या पंखांचा उगम कुठल्याही दवंडीत नव्हता. खरोखर घडलेल्या एका कृतीची वार्ता माणसांच्या तोंडून तोंडी गेली आणि जाता जाता वाढली. कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधल्याची गोष्ट लोकपरंपरेने त्याच रात्रीला जोडली आहे. ती घडली असो वा नसो, ती सांगितली गेली, आणि सांगितले जाणे हाही या युद्धाचाच भाग.

विसाव्या शतकाने या विद्येला कचेरी दिली, अंदाजपत्रक दिले आणि रेडिओ दिला. तज्ज्ञांनी प्रचाराचे रंग ठरवले : उगम उघड सांगणारा तो पांढरा, उगम झाकणारा तो करडा, आणि शत्रूच्याच घरातून आल्याचे सोंग करणारा तो काळा. काळ्या प्रचारात दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या सेफ्टन डेल्मर याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याचे ‘सोल्डाटेनझेंडर कॅले’ हे केंद्र जर्मन सैनिकांचे केंद्र असल्याचे भासवत असे. त्यावर उत्तम संगीत लागे, खेळांचे निकाल लागत, बऱ्याच बातम्या खऱ्या असत, आणि मधूनच एखादे वाक्य असे येई की ऐकणाऱ्याला आपल्या अधिकाऱ्याचा संशय यावा. कारागिरी म्हणून ते अजोड होते. तरीही युद्धाच्या शेवटी जर्मन शिपायांच्या खिशांत जो कागद सापडे, तो पांढऱ्या प्रचाराचा होता : आयझेनहॉवर यांच्या सहीचा, मोहोर उमटवलेला, सरकारी दाखल्यासारखा दिसणारा अभयपरवाना. हा दाखवणाऱ्याशी नीट वागावे, त्याला अन्न आणि औषधोपचार द्यावेत, असे त्यावर दोन भाषांत लिहिले होते.

इथे एक विरोधाभास सांगायला हवा. त्याच दोस्त राष्ट्रांनी जानेवारी १९४३ मध्ये कॅसाब्लांका येथे बिनशर्त शरणागतीची मागणी जाहीर केली आणि नाझी प्रचारमंत्री गोबेल्सच्या हातात आयते कोलीत दिले. हरलो तर काहीच उरणार नाही, हे तो जर्मनांना दोस्तांच्याच शब्दांनी सांगू शकला. एका हाताने वाट दाखवायची आणि दुसऱ्या हाताने ती बुजवायची, असा तो प्रकार झाला. शिपायाला अभय आणि राष्ट्राला अंधार, हे दोन संदेश एकमेकांना खात राहिले.

मनोयुद्धाचा अभ्यास करू पाहणाऱ्या भारतीय वाचकाला मी सगळ्यांत आधी १९७१ च्या बांगलादेश मुक्तियुद्धाकडे वळायला सांगेन. या विषयाच्या दोन्ही बाजू तिथे एकाच भूमीवर, एकाच वर्षात दिसतात.

पहिली बाजू दहशतीची. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात ‘ऑपरेशन सर्चलाइट’ सुरू केले. विद्यापीठाची वसतिगृहे, पोलिसांच्या बराकी, हिंदू वस्त्या यांच्यावर तोफा आणि बंदुका चालल्या. एका रात्रीत बंगाली मनाचा कणा मोडायचा, हा त्यामागचा हिशेब होता, म्हणजे तेही एका अर्थाने मनोयुद्धच. ते साफ फसले. ज्यांना गप्प राहूनही जगता आले नाही, त्यांना लढण्यावाचून पर्याय उरला नाही. चितगावजवळच्या कालुरघाट येथून स्वाधीन बांगला बेतार केंद्राचा आवाज सुरू झाला, आणि तो प्रक्षेपक बाँबहल्ल्यात बंद पडल्यावर मे महिन्यापासून हेच केंद्र कोलकात्याच्या बालिगंज भागातून बोलू लागले. तिथे एम. आर. अख्तर मुकुल रोज ‘चरमपत्र’ नावाचा कार्यक्रम सादर करत. भाषा ढाक्याच्या गल्लीतली, खवचट, ठसकेबाज. मुक्तिवाहिनी या बंगाली गनिमी फौजेच्या पोरांना त्यांनी ‘बिच्छू’ हे नाव दिले आणि पाकिस्तानी फौजेची त्यांच्या हातून कशी त्रेधा उडते ते रंगवून सांगितले. बंगाली घरांत दारे लावून, आवाज बारीक करून हा कार्यक्रम ऐकला जाई. भीतीने कोंडलेल्या माणसाला हसवणे म्हणजे त्याच्या छातीवरचा दगड थोडा बाजूला करणे होय. मुकुल यांनी ते नऊ महिन्यांच्या त्या युद्धात जवळजवळ अखेरपर्यंत केले. मला ते काम एखाद्या पलटणीइतके मोलाचे वाटते.

दुसरी बाजू डिसेंबरची. युद्ध उघडपणे सुरू झाल्यावर भारताचे लष्करप्रमुख जनरल माणेकशा यांचे संदेश आकाशवाणीवरून आणि विमानातून टाकलेल्या पत्रकांतून पाकिस्तानी सैन्यापर्यंत जाऊ लागले. त्यांचा आशय असा : तुम्ही वेढले गेला आहात, हवाई दल तुम्हाला मदत करू शकत नाही, समुद्राची वाट बंद आहे, वेळेत शस्त्रे ठेवलीत तर जिनीव्हा करारानुसार तुम्हाला वागवले जाईल. यातले प्रत्येक विधान समोरच्या शिपायाला स्वतः पडताळून पाहता येत होते. ढाक्याची धावपट्टी उखडली होती, बंदरांची नाकेबंदी झाली होती. सर्वांत खोल गेला तो मात्र शेवटचा भाग. पाकिस्तानी सैनिकाला भारतीय सैन्यापेक्षा मुक्तिवाहिनीच्या सूडाची धास्ती अधिक होती, आणि मार्चपासून आपल्या हातून काय काय घडले हे त्याला पक्के ठाऊक होते. बंदिवासातले संरक्षण हाच त्याच्यासाठी जगण्याचा मार्ग होता.

११ डिसेंबरला टांगाइलजवळ भारताची दुसरी पॅरा बटालियन उतरली. माणसे सातशेच्या आसपास, काम पूंगलीचा पूल धरून ढाक्याकडे परतणाऱ्या फौजेची वाट अडवण्याचे. जगभरच्या वृत्तपत्रांत आकडा गेला पाच हजारांचा. बातमीबरोबर दिलेले छत्रीधारी सैनिकांचे छायाचित्र आग्र्याच्या जुन्या सरावातले होते, आणि ते तसे आहे हे कुणी मुद्दाम सांगितले नाही. या एका प्रसंगाचे समर्थन करावे की नाही, यावर मी बराच विचार केला. मला ते समर्थनीय वाटते, कारण त्यामुळे ढाका लढाईविना पडण्याची शक्यता वाढली आणि दाट वस्तीच्या त्या शहरात घरोघरी लढाई झाली असती तर बळी बंगाली नागरिकांचेच गेले असते. पण माणेकशांच्या अभयाला आणि फुगलेल्या आकड्याला एकाच मापाने मोजता येणार नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हणायला हवे. अभयाचा शब्द उद्याही टिकवावा लागणार होता. आकडा चार दिवस टिकला की पुरे होते.

दरम्यान ढाक्यातल्या पाकिस्तानी सैन्याचे धैर्य सर्वांत जास्त कुणी खचवले? माझ्या मते त्यांच्याच मुख्यालयाने. त्या वेळी ढाक्यात जनसंपर्क अधिकारी असलेल्या मेजर सिद्दिक सालिक यांच्या आठवणींत हा भाग येतो. उत्तरेकडून पिवळे आणि दक्षिणेकडून गोरे मदतीला येत आहेत, म्हणजे चिनी आणि अमेरिकन, असा दिलासा पश्चिम पाकिस्तानातून दिला जात होता. कुणीही आले नाही. खोट्या आशेवर ताटकळलेला शिपाई निराश झालेल्या शिपायापेक्षा लवकर कोसळतो, कारण त्याची लढण्याची उमेद तर जातेच, शिवाय आपल्या वरिष्ठांवरचा भरवसाही जातो. १४ डिसेंबरला हवाई दलाने गव्हर्नर हाउसवर हल्ला केला, तो आत बैठक चालू असतानाच; गव्हर्नर मलिक यांनी तिथल्या तिथे राजीनामा लिहिला आणि रेड क्रॉसच्या छत्राखालच्या हॉटेलात आसरा घेतला. १६ तारखेला सकाळी भारताचे जनरल नागरा शहराच्या वेशीवर मीरपूरच्या पुलाशी येऊन थांबले आणि त्यांनी तिथल्या पाकिस्तानी फौजेचे सेनापती जनरल नियाझी यांना जुन्या ओळखीच्या सलगीने चिठ्ठी पाठवली : मी आलो आहे, खेळ संपला आहे, माझ्या स्वाधीन व्हा.

त्याच दिवशी पूर्व विभागाचे चीफ ऑफ स्टाफ मेजर जनरल जेकब शरणागतीचा मसुदा घेऊन ढाक्यात पोहोचले. त्यांनी नंतर मांडलेल्या हिशेबानुसार शहरात पाकिस्तानचे २६,४०० सैनिक होते आणि भारताचे जवळपासचे सैन्य सुमारे तीन हजार. नियाझी शरणागतीऐवजी युद्धबंदीची भाषा करू लागले, तेव्हा जेकब यांनी ‘मान्य केलेत तर तुमचे सैनिक आणि त्यांची कुटुंबे सुरक्षित राहतील, नाहीतर माझी जबाबदारी नाही’ असे सांगून अर्ध्या तासाची मुदत दिली आणि ते खोलीबाहेर गेले. परत आल्यावर त्यांनी नियाझींना विचारले, मान्य आहे का? उत्तर आले नाही. त्यांनी तेच मौन होकार धरले. दुपारी साडेचारच्या सुमारास रमणा रेसकोर्सवर सह्या झाल्या. नागरिक धरून सुमारे ९३,००० माणसे युद्धकैदी झाली.

हे यश जेकब यांच्या निधड्या छातीचे होतेच. पण त्या अर्ध्या तासात त्यांच्या शब्दाला वजन आले ते आधीच्या दोन आठवड्यांमुळे. मेघना हेलिकॉप्टरने ओलांडली गेली होती, जेसोर पडले होते, पत्रकांत सांगितलेली एकेक गोष्ट खरी ठरली होती. आणि जी हमी पत्रकांत दिली होती, ती युद्धानंतर पाळली गेली. कैद्यांना छावण्यांत ठेवले गेले, ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारानंतर त्यांची पाठवणी सुरू झाली आणि एप्रिल १९७४ पर्यंत शेवटचे कैदी परतले. मनोयुद्धाच्या पुस्तकांत या पाठवणीचा उल्लेख सहसा नसतो. माझ्या मते ते त्या मोहिमेचे शेवटचे पान आहे. पुढच्या युद्धात पत्रक टाकायची वेळ आली, तर त्यावर कुणी विश्वास ठेवील की नाही, हे तिथे ठरले.

गोव्याची हकिगत याच जातीची, आणि मराठी वाचकाच्या अंगणातली. २५ नोव्हेंबर १९५५ पासून डिसेंबर १९६१ पर्यंत लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई हे दोघे आधी आंबोलीच्या आणि नंतर कॅसलरॉकच्या रानातून ‘वोझ द लिबर्दाद’, म्हणजेच स्वातंत्र्याचा आवाज, हे गुप्त रेडिओ केंद्र चालवत होते. कोकणी आणि पोर्तुगीज अशा दोन भाषांत ते बोलत. पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत वृत्तपत्रांना सेन्सॉरचा फास होता. गोव्याबाहेर जगात काय चालले आहे, पोर्तुगालच्या इतर वसाहतींत काय हालचाल आहे, हे घराघरांत कळे ते या केंद्रामुळे. पावसाळी घाटात, सापकिरडांच्या आणि एकांताच्या सोबतीत सहा वर्षे काढणाऱ्या या दोघांकडे ना फौज होती ना विमान. मुक्तीच्या दिवशी मात्र भारतीय हवाई दलाच्या विमानातून पणजीवर पत्रके टाकत आणि ध्वनिक्षेपकावरून बोलत त्यांनी ती वार्ता स्वतः जाहीर केली. लिबियाबाईंना शंभरी गाठल्यावर, २०२५ साली, पद्मश्री मिळाली. त्यांची ही कथा आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवी, असे मला मनापासून वाटते.

आता या विद्येची काळी बाजू. रवांडात १९९३ साली आरटीएलएम नावाचे एक खाजगी रेडिओ केंद्र सुरू झाले. लोकप्रिय गाणी, हसतीखेळती निवेदने, आणि त्यांच्याआडून तुत्सी लोकांना झुरळे म्हणणे. १९९४ च्या नरसंहारात याच केंद्राने माणसांची नावे आणि ठिकाणे सांगितली. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने पुढे त्याच्या सूत्रधारांना शिक्षा ठोठावल्या. डेल्मरच्या केंद्रावरही गाणीच लागत, मुकुल यांच्या कार्यक्रमातही लोक हसतच, साधन तेच. फरक इतकाच की रवांडातल्या त्या शब्दांनी शेजाऱ्याला जगण्याची एकही वाट ठेवली नव्हती. शत्रूला शरण येता येते. ज्याला झुरळ ठरवले, तो शरण कसा येणार?

आपल्याकडे युद्धाविनाही ही जमीन तयार होत असते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा या गावी मंगळवेढ्याकडून पोट भरायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. त्या दिवसांत देशभर मोबाइलवर फिरत असलेली एक चित्रफीत मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षेबद्दल जागृती करण्यासाठी केलेली होती. पळवलेले मूल परत आणून सोडले जाते आणि पालकांना सावध केले जाते, तो तिचा शेवट कुणीतरी कापून टाकला होता. तिच्यामागे कुणी शत्रुराष्ट्र असल्याचे पुढे आले नाही. पण ज्या समाजात परक्या चेहऱ्याची भीती अशी वाळलेल्या गवतासारखी पडून असते, तिथे ठरवून ठिणगी टाकणाऱ्याला फार कष्ट पडणार नाहीत. पाच भटक्या माणसांचा जीव गेला, यापेक्षा मोठ्या कोणत्या इशाऱ्याची आपण वाट पाहत आहोत?

म्हणून पुढच्या प्रकरणांत मी प्रत्येक मोहिमेला तेच तीन प्रश्न विचारले आहेत : ऐकणाऱ्याला पडताळता येईल असे तिच्यात काय होते, त्याच्यासमोर कोणती वाट मोकळी होती, आणि युद्ध संपल्यावर दिलेला शब्द कुणी पाळला. १९९१ च्या आखाती युद्धात इराकी सैन्यावर कोट्यवधी पत्रके पडली. त्यांतली काही अमुक तुकडीवर उद्या बाँबहल्ला होणार असे सांगत, आणि दुसऱ्या दिवशी तो खरोखर होई. पुढच्या पत्रकावर कुणी शंका घेत नसे. व्हिएतनाममध्ये अमेरिकनांनी रात्री रानात मेलेल्या सैनिकांच्या आत्म्यांचे विव्हळणे ध्वनिक्षेपकावर वाजवले, तर पुष्कळदा त्या आवाजाच्या दिशेने गोळ्या आल्या. या दोन्ही मोहिमांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. अर्थशास्त्रातल्या उपजापावर मात्र मी सर्वांत जास्त पाने खर्च केली आहेत, कारण कौटिल्याने शत्रूच्या प्रजेला काय सांगावे हे जितके तपशिलात लिहिले, तितक्याच तपशिलात त्याने जिंकलेल्या मुलखात त्या प्रजेशी नंतर कसे वागावे हेही त्याच अधिकरणाच्या शेवटी लिहून ठेवले आहे. आणि हा दुसरा भाग सहसा कुणी वाचत नाही.